मामंजी आणि जाड तार

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा आमच्या खोलीच्या कोपऱ्यात एक धूड उभं होतं. माणसापेक्षा उंच, कमरेत बारीक, खाली ऐसपैस, आणि अंगावर जुन्या चादरीची खोळ. मला वाटलं कपाट असेल. ह्यांनी खोळ काढली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "हा माझा बास." नवी नवरी म्हणून मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, एवढ्याशा खोलीत आपण पाय कुठे पसरायचे?

बास म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. उभं राहून वाजवायचा. बोटांनी तारा छेडायच्या आणि गाण्याच्या तळाशी घुमत राहायचं. गाणं ऐकणाऱ्याला तो कधी कळत नाही. नसला तर मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तरुणपणी हे धोबीतलावला एका गोव्याच्या वादकाकडे शिकायला जात. तो म्हातारा होऊन गावी परतला, तेव्हा बास ह्यांच्या हवाली करून गेला. शेजारीपाजारी त्याला आमची म्हैस म्हणत. "काय वहिनी, आज म्हैस रेकली नाही?" असं नळावर बायका विचारायच्या. मीही त्यांच्यात हसायचे, पण घरी आल्यावर मला बासचा राग यायचा, आणि त्या बायकांचाही.

मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली. माझे वडीलही सासरच्यांसारखे मूळचे कोकणातले, पण आमच्या घरात बोली मागे पडली होती आणि जरा पुस्तकी बोलण्याची ऐट होती. बासच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात हे मी माहेरी सांगितलं, तेव्हा आई बसल्या जागेवरून उठली. त्यानंतर ती आमच्याकडे आली की बासपासून हातभर लांब बसायची आणि त्या दिशेला पाठ करून चहा प्यायची.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजींची उभी हयात गिरणीत साच्यावर गेली, म्हणजे मागावर. साचाखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे माणसाचा कान फार वर्षं टिकत नाही. मामंजींचे दोन्ही कान गेले आणि मग कामही गेलं. पण साचाखात्यातल्या माणसांना एक विद्या येते. तिथे कुणी ओरडून बोलत नाही, नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. मामंजी समोरच्याचं तोंड बघून सगळं बरोबर समजायचे. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या खालून मोर्चा गेला की मामंजी गॅलरीत धावायचे, लोकांच्या तोंडांकडे बघून घोषणा वाचायचे आणि आपणही द्यायचे. त्यांची "झालाच पाहिजे" सगळ्यांच्या मागून, एकटी आणि खणखणीत यायची. खालची पोरं हसून वर बघत आणि त्यांच्यासाठी पुन्हा एकदा घोषणा देत.

एक आवाज मात्र त्यांना पोचायचा. हे कामावरून आले, चहा झाला, की खोळ काढून बास उभा करत. मामंजी त्याच्या पाठीला आपला तळवा लावून स्टुलावर बसत आणि डोळे मिटत. जाड तार वाजली की लाकूड थरथरायचं, आणि ती थरथर तळव्यातून छातीत जायची. "वाजव रे, आयकतंय मी," असं ते म्हणत. बहिऱ्या माणसाच्या आवाजाला आवर नसतो, त्यामुळे सगळ्या चाळीला कळायचं की आमचे मामंजी ऐकतायत. उभ्या जगात तेवढंच एक त्यांना ऐकू येत होतं. मला बासचा राग यायचा असं मी म्हटलं, तो त्या एका तासात कुठे जायचा कोण जाणे.

तारांची निगा माझ्याकडे आली ती ह्यांच्या हातांमुळे. ह्यांच्या हातांना फार घाम. घाम, मुंबईची खारट हवा आणि आजूबाजूच्या गिरण्यांची काजळी, तिन्ही मिळून तारेला खातात. वाजवून झालं की मी मऊ जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक तार वरपासून खालपर्यंत पुसून काढायची, खालून अंगठा आणि वरून बोट लावून. फडकं कोरडंच हवं. पाण्याचा थेंब चालत नाही, कारण आतडं पाणी पितं, फुगतं, आणि वाळलं की आखडतं. गिटारला पडदे असतात, त्यांच्या कडेला मळ साचतो. बासला पडदे नाहीत, नुसती काळ्या लाकडाची पट्टी. बोट कुठे टेकायचं ते बोटालाच ठाऊक. त्या पट्टीवर बोटांचा चिकट थर बसायचा. तो स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेल्या फडक्यानं काढायचा आणि स्पिरिट बाजूच्या रोगणाला लागू द्यायचं नाही. हे सगळं ह्यांनी मला शिकवलं. भात कसा करायचा हे सांगायला आले असते तर मी ऐकून घेतलं नसतं, पण हे मी मुकाट्यानं शिकले.

तारा निवडायला मात्र हे मला बरोबर न्यायचे. धोबीतलावच्या दुकानातला म्हातारा तारांची वेटोळी काउंटरवर टाकायचा आणि डुलकी काढायचा, कारण ह्यांना वेळ लागणार हे त्याला माहीत होतं. हे प्रत्येक तार उजेडात धरून बघत. नुसत्या आतड्याची तार सारखी पिवळसर हवी, मध्ये पांढरा डाग किंवा गाठ नको. चारांतल्या दोन जाड तारांवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्यावरून नख फिरवायचं. नख सारखं घसरलं तर गुंडाळी घट्ट, कुठे अडलं तर तार परत. फार जाड घेतली तर आवाज खोल येतो पण बोटं सोलतात, बारीक घेतली तर बोटांना सुख पण आवाजात दम नाही. हे नेहमी जाडच घेत. कारण विचारलं तर म्हणाले, "बाबांना बारीक पोचत नाही."

दिवसा हे कॉटन ग्रीनच्या एका गोदामात होते. कापसाच्या गासड्यांवर नंबर घालायचे आणि संध्याकाळी कपड्यांत कापूस घेऊन यायचे. त्या कामाचा त्यांना मनापासून वीट आला होता. कधीमधी एखाद्या वाद्यवृंदात बदलीवर वाजवायला बोलावत, त्या दिवशी त्यांची चाल बदलायची. मग एकदा दादरच्या एका स्टुडिओतून निरोप आला. तिथल्या वाद्यवृंदात बासवाल्याची कायमची जागा रिकामी झाली होती. दसरा उलटला की तालमीला या, वाजवून दाखवा, जमलं तर जागा तुमची. हे निरोप्याचं बोलणं ऐकता ऐकता खाटेवर बसले आणि पुन्हा उठले. मामंजींनी निरोप्याच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं. "गोदाम सुटला तुझा!" असं ते ओरडले. चाळीला बातमी सांगायचं काम माझ्यावर राहिलं नाही.

खंडेनवमीला मी माहेरी गेले होते आणि हे कामावर. गिरणीत त्या दिवशी साचे धुऊनपुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. मामंजींनी आयुष्यभर ते केलं होतं. ह्या वर्षी त्यांच्याकडे साचाही नव्हता आणि मागातून सूत फिरवणारा धोटाही नव्हता.

संध्याकाळी मी आणि हे जिन्यातच भेटलो आणि बरोबर वर आलो. दारातूनच दिसलं. बासच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर म्हणावं तिथे कुंकू, समोर नारळ. आणि दोन्ही जाड तारा देवाच्या तांब्यासारख्या लखलखत होत्या. खाली मोरीजवळ चिंचेचा कोळ आणि राखेची वाटी. काळ्या पट्टीला खोबरेल चोपडलेलं.

"माझो साचो गेलो," मामंजी म्हणाले. "म्हटलां, तुझो साचो धुवया. एकेक तार सोडलंय हां. सगळे ताणे एकदम सोडूचे नसतत." मागावरच्या माणसाला ते बरोबर ठाऊक होतं. एकेक तार सोडली होती, चिंचेत भिजवून घासली होती, गॅलरीतल्या दोरीवर उन्हात वाळवली होती आणि जिथली तिथे परत ताणली होती. काम कुठे म्हणून चुकलं नव्हतं. फक्त तांब्याच्या आत आतडं आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी तांबं पाहिलं, आणि आपल्याकडे तांबं चिंचेनंच घासतात.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे हसले. मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तोंड त्यांच्या समोर नेऊन म्हणाले, "बाबा, झकास झालाय." मग वाजवूनही दाखवलं. आश्चर्य म्हणजे आवाज चांगला आला. फुगलेल्या आतड्यावर गुंडाळी घट्ट बसली होती. मला वाटलं, निभावलं.

आतडं हळूहळू आतून वाळलं. तांब्याची गुंडाळी सैल पडली. तालमीच्या दिवशी, सगळा वाद्यवृंद रंगात असताना, जाड तार खरखरायला लागली. तिथल्या मास्तरांनी काठी आपटून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "अरे, किसके डब्बे में मक्खी है?" सगळे हसले. हेही हसले म्हणे. तार बदलून परत या असं मास्तर म्हणाले, तसे ते माणूस बरे होते. पण तारा परदेशातून यायच्या, आणि तेव्हा परदेशी माल मिळेनासा झाला होता. धोबीतलावच्या म्हाताऱ्याकडे रिकामी खोकी होती. दुसऱ्या बासवाल्यांनी आपापल्या तारा जीव की प्राण करून ठेवल्या होत्या. स्टुडिओला थांबायला वेळ नव्हता, जागा दुसऱ्याला गेली.

घरी आल्यावर ह्यांनी मामंजींना सांगितलं की जागा आधीच भरली होती. "जावंदे रे झिला," मामंजी म्हणाले. "दुसरी गावतली." आणि स्टूल ओढून बासजवळ बसले.

त्या संध्याकाळी हे तीच तार वाजवत होते. खोलीभर खरखर. शेजारच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. आणि मामंजी तळवा लावून, डोळे मिटून बसलेले, मान हलवतायत. ती खरखर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. त्यांच्या तळव्यापुरती तार धड होती. पुढे वर्षभर हे रोज गासड्यांवर नंबर घालून यायचे आणि रोज तीच मोडकी तार त्यांना वाजवून दाखवायचे. ह्यांच्या कपाळावर मी एकदाही आठी पाहिली नाही. मला मात्र संताप यायचा. मामंजींवर नाही, ह्यांच्यावर. एवढं सोसायचं आणि बोलायचं नाही, हा कसला शहाणपणा?

वर्षानं दुकानातल्या म्हाताऱ्याचा निरोप आला की कुणा खलाशानं एक जोड आणून दिलाय, पटकन या. हे नव्या तारा घेऊन आले. शिवाय दादरचा वादक दुसरीकडे निघाला होता आणि मास्तरांनी पुन्हा ह्यांची आठवण काढली होती. पण दसराही तोंडावर आला होता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ताटं घासत होते आणि हे समोर बसून नव्या तारेवरून नख फिरवत होते. मामंजी माझ्या मागे, गॅलरीच्या दारात, सुपारी कातरत बसले होते.

मी म्हटलं, "आता तरी त्यांना सांगा. नाहीतर परवा पुन्हा चिंच मागतील."

"हळू बोल," हे म्हणाले.

"हळू कशाला? त्यांना कुठे ऐकू जातंय? सांगून टाका, की तुम्ही धुतलीत म्हणून तार गेली."

ह्यांनी मान वर केली. अगदी हलक्या आवाजात, पण एकेक शब्द नीट उच्चारून म्हणाले, "बाबांनी तार धुतली म्हणून माझी जागा गेली, हे त्यांना मरेपर्यंत कळता कामा नये. कळलं तर ते परत बासला हात लावणार नाहीत. आणि त्यांना दुसरं काय ऐकू येतं सांग?"

माझ्यामागे अडकित्त्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. मामंजींचे डोळे ह्यांच्या ओठांवर होते. ह्यांनी तोवर मान खाली घालून पुन्हा तारेत लक्ष घातलं होतं. हलका आवाज कानाला चुकवतो, डोळ्याला नाही. लहानपणापासून बापाशी ओठांनीच बोलत आलेल्या माणसाला त्या घटकेला त्याचा विसर पडला होता. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मग अडकित्ता खाली ठेवून, हात जोडून, आवाज न करता, नुसते ओठ हलवून, साचाखात्यात बोलतात तसं ते बोलले. एवढ्या दिवसांत मलाही थोडं वाचता यायला लागलं होतं. "तेका सांगू नको," ते म्हणाले. मला माहीत असलेल्या काळात ते हळू बोलले ते तेवढंच.

खंडेनवमीला त्यांनी चिंच मागितली नाही. "आता साचो खंय नि पूजा खंय," म्हणाले आणि फिरायला गेले. हे सुटल्यासारखे हसले. संध्याकाळी ह्यांनी नव्या तारा चढवलेला बास उभा केला, स्टूल मांडलं, मामंजींचा हात धरून लाकडावर ठेवला आणि जाड तार छेडली. खरंच गोड वाजली. शेजारच्या बाईही म्हणाल्या, आज म्हैस गाभण दिसते. मामंजींनी थोडा वेळ हात ठेवला, मग काढून मांडीवर घेतला.

"काय कळणा नाय रे आता," ते म्हणाले. "हात मेलो बधिर झालो."

ह्यांनी जोरात वाजवलं. मग मामंजींचा दुसरा हात लावून पाहिला. छाती टेकून बघा म्हणाले. मामंजी नुसती मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी काय करावं? नवी तार उतरवून ती जुनी खरखरणारी परत चढवली. कदाचित नव्या तारेचा आवाज पोचत नसेल असं त्यांना वाटलं. मामंजींनी त्या तारेकडे पाहिलं मात्र, आणि उठून गॅलरीत गेले. हे बासला धरून तसेच उभे राहिले आणि मग लहान मुलासारखे रडले. "शेवटचं होतं तेही गेलं त्यांचं," असं मला म्हणाले.

मी काय करायचं होतं? सांगावं तर मामंजींनी जोडलेले हात, न सांगावं तर ह्यांचं हे रडणं. हे कामावर असताना मी मामंजींना एकटं गाठून ओठांनीच म्हटलं, "तुम्हाला कळतंय ना? मग हात लावा ना, त्यांना बरं वाटेल." ते म्हणाले, "माझो हात लागलो काय त्याचा वाटोळा होता." पुढे कितीदा विनवलं, पण म्हातारा बधला नाही. आपण लांब राहिलो म्हणजे मुलाचं वाद्य सुखरूप राहील आणि तो दादरला जाईल, असा त्यांचा हिशेब. आणि मुलाचा हिशेब असा, की बापालाच ऐकू जात नाही तर वाजवायचं कुणासाठी? हे दादरला गेलेच नाहीत. मास्तरांचा माणूस येऊन विचारून गेला, तर हात दुखतो म्हणाले. मी भांडले, रडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. दोन भल्या माणसांनी एकमेकांना जपायचं ठरवलं की मधल्या बाईनं डोकं आपटून घ्यावं, दुसरं काही तिच्या हातात नसतं.

बास खोळीत गेला. मी सवयीनं तारा पुसत राहिले, पण न वाजणाऱ्या तारेवर धुळीशिवाय काय बसणार? मुंबईसह महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, मामंजींनी गॅलरीतून शेवटची घोषणा दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वरळीच्या एका बँडमधला तरुण बास बघायला आला. ह्यांनी तो द्यायचं ठरवलं होतं. मला विचारलंही नाही.

जिना अरुंद, बास अवजड. ह्यांना दोरी सापडेना म्हणून ते खाटेखाली शोधायला वाकले आणि मामंजींना खुणेनं म्हणाले, जरा धरा, पडेल. मामंजी मागे सरकले. पण बास खरंच कलला, तेव्हा त्यांना धरावंच लागलं. दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात त्या तरुणानं बघू तरी म्हणून जाड तार छेडली, मग पुन्हा छेडली, आणि एक संथ चाल वाजवायला लागला. नवी तार होती ती, ह्यांनी परत चढवलेली.

मामंजींचे डोळे मिटले. बोटं लाकडावर पसरली. अंगठा त्या चालीबरोबर ठेका धरायला लागला, एकदाही न चुकता. गालांवरून पाणी खाली आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात काढावा लागला असता.

हे दोरी घेऊन उठले तोवर वाजवणं थांबलं होतं. तरुणानं बास खांद्याला लावला, ह्यांनी खालून धरला, आणि दोघं जिना उतरले. परत आल्यावर ह्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाबा का रडतायत?"

मामंजी माझ्या ओठांकडे बघत होते.

मी म्हटलं, "इतकी वर्षं घरात होता ना."

ह्यांना ते पटलं.